चार वर्षं म्हणजे एक वर्ष

माझी मुलगी सतराव्या वर्षी सहा फुटांच्या वर गेली, तेव्हा महाराष्ट्र मंडळातल्या एका काकूंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "डॉक्टरांना दाखवलंत का?" गणपतीचा कार्यक्रम होता. लंडनच्या हॅरो भागातल्या एका शाळेचा हॉल भाड्याने घेतला होता आणि मुलगी आरतीच्या गर्दीत सगळ्यांच्या डोक्यांवरून निवांत मूर्ती बघत उभी होती. मी म्हटलं, "दाखवलं. ते म्हणाले, उंच आहे." काकू हसल्या नाहीत. "आता हिला मुलगा कुठून शोधणार तुम्ही?" त्या म्हणाल्या. सतरा वर्षांची मुलगी, ए लेव्हल्सचा, म्हणजे इथल्या बारावीचा, अभ्यास डोक्यावर, आणि यांना नवऱ्यामुलाची उंची पडलेली. तेव्हा मला वाटलं होतं की माझ्या मुलीकडे फक्त मापाने बघणारी माणसं म्हणजे आपली मंडळातली माणसं. पुढच्या वर्षभरात कळलं की असली माणसं सूटबूट घालून अटलांटिक ओलांडूनही येतात, आणि येताना हसतमुख येतात.

आम्ही लंडनच्या उत्तरेला मिल्टन कीन्समध्ये राहायचो. नवरा सॉफ्टवेअरमध्ये, मी हॉस्पिटलच्या एक्स-रे विभागात रेडिओग्राफर. दोघंही पुण्याचे. घरातला खेळाचा वारसा म्हणाल तर सासरे कॅरम बरा खेळायचे, एवढाच. शाळेत मुलीला आधी नेटबॉलमध्ये घातलं होतं. पण नेटबॉलमध्ये चेंडू हातात आला की जागच्या जागी थांबावं लागतं, आणि हिला पळायचं असायचं. पी.ई.च्या सरांनी एक दिवस तिच्या हातात बास्केटबॉल दिला आणि सांगितलं, "पळ." हे सर शाळा सुटल्यावर गावातल्या क्लबचे कोच होते. तिथून पुढची पाच-सहा वर्षं आमचे शनिवार-रविवार कुठल्या ना कुठल्या लेझर सेंटरच्या, म्हणजे सरकारी क्रीडासंकुलाच्या, हॉलमध्ये गेले. छतातून गळणारं पाणी, खाली ठेवलेल्या बादल्या, बाजूच्या कोर्टवर बॅडमिंटन खेळणारे म्हातारे आजोबा, आणि मध्ये ही. इंग्लंडमध्ये फुटबॉल खेळणारा मुलगा गल्लीचा राजा असतो. बास्केटबॉल खेळणारी मुलगी काय असते, हे कुणाला माहीतच नव्हतं.

तिची इंग्लंडच्या ज्युनिअर संघात निवड झाली आणि पाठोपाठ कळलं की प्रवास, राहणं, अगदी ट्रॅकसूटसुद्धा आई-वडिलांनीच बघायचा. देशासाठी खेळायचं आणि तिकीट आपण काढायचं. मी त्या वर्षी लेझर सेंटरच्या दारात टेबल टाकून बटाटेवडे विकले. नवरा आधी म्हणाला, "हे आपल्याला शोभतं का?" मग गर्दी बघून स्वतःच चटणी वाढायला उभा राहिला.

त्या संघाबरोबर ती युरोपातल्या एका स्पर्धेला गेली. तिथे प्रेक्षकांत काही अमेरिकन माणसं हाताची घडी घालून, चेहऱ्यावरची रेष न हलवता बसलेली असायची. ते तिथल्या कॉलेजांचे कोच होते. मुलगी परत आली आणि आमचा फोन वाजायला लागला.

अमेरिकेत कॉलेजच्या बास्केटबॉलचं केवढं प्रस्थ असतं, हे आम्हाला तोवर ठाऊक नव्हतं. हजारो माणसांची स्टेडियमं, टीव्हीवर सामने, आणि चांगल्या खेळाडूला शिक्षण, राहणं, जेवण सगळं मोफत. मुलीला केमिकल इंजिनिअरिंग शिकायचं होतं. लंडनला जाता आलं असतं, लीड्सला जाता आलं असतं. पण इथे युनिव्हर्सिटीत बास्केटबॉल म्हणजे बुधवारी दुपारची करमणूक. तिला दोन्ही हवं होतं, आणि दोन्ही एका ठिकाणी फक्त तिकडे मिळत होतं. बरीच चौकशी, बरेच फोन झाल्यावर दोन कॉलेजं उरली. एक दक्षिणेकडचं, मोठं, नावाजलेलं. दुसरं उत्तरेकडचं, लहान, जिथे सहा महिने बर्फ असतो असं ऐकून नवऱ्याने ॲटलास काढून खात्री करून घेतली.

मोठ्या कॉलेजचा कोच ऑक्टोबरात आमच्या घरी आला. येताना राउंडअबाउटांच्या, म्हणजे गोल चौकांच्या, जाळ्यात हरवला. मिल्टन कीन्समध्ये नवखा माणूस हरवतोच, सगळे राउंडअबाउट सारखेच दिसतात. आमच्या क्लबच्या कोचने, त्याच पी.ई.च्या मास्तराने, जाऊन त्याला आणलं आणि तोही आमच्याकडे थांबला. दोघांची जुनी ओळख दिसली. पाहुणा पन्नाशीचा, चांगला उंच, आवाज मधात बुडवून काढल्यासारखा. मला दर वाक्याला "मॅम" म्हणत होता. मी कांदेपोहे आणि शिरा केला होता. त्याने दोन्ही मागून घेतलं. भिंतीवरच्या फोटोत सासूबाई-सासरे होते, त्यांची चौकशी केली. मग छातीवर हात ठेवून म्हणाला, "मॅम, मी तुमच्या मुलीला संघात घ्यायला आलेलो नाही. मी तिला माझ्या कुटुंबात घ्यायला आलोय."

'फॅमिली' हा शब्द त्याने त्या संध्याकाळी इतक्या वेळा वापरला की आमच्या लग्नातसुद्धा तो इतक्या वेळा कुणी वापरला नसेल.

नवऱ्याने मुद्द्याचं विचारलं. "इंजिनिअरिंगचा कोर्स चार वर्षांचा आहे. तुमची स्कॉलरशिप किती वर्षांची?"

"चार वर्षं, सर," तो म्हणाला. "ती माझ्याकडे आली की पदवीचा गाऊन घालूनच बाहेर पडणार."

"नक्की?"

"सर, माझ्या शब्दावर मी हे एवढं उभं केलंय."

मुलगी सोफ्याच्या कडेला बसून ऐकत होती. तिचे डोळे असे चमकताना मी कधी पाहिले नव्हते. या देशात तिच्या खेळासाठी कुणी साधं गळकं छत दुरुस्त केलं नव्हतं, आणि हा माणूस तिच्यासाठी समुद्र ओलांडून आला होता. तो गेल्यावर ती मला म्हणाली, "आई, ही माझी लाइफ आहे." तिच्या मराठीत 'हे माझं आयुष्य आहे' याचा तो अवतार होता. मला सगळं समजलं.

लहान कॉलेजची कोच बाई होती. ती आली नाही. त्यांच्याकडे तेवढे पैसे नसतात, असं तिने फोनवर सरळ सांगितलं. तिचा आवाज कोरडा होता, बोलणं तोडून तोडून. नवऱ्याने तिलाही तोच प्रश्न विचारला.

"एक वर्षाची," ती म्हणाली. "दर वर्षी नव्याने द्यायची. नियमच तसा आहे, सगळ्या कॉलेजांना. द्यायची की नाही, हे दर उन्हाळ्यात मी ठरवते."

"म्हणजे तुम्ही चार वर्षांची हमी देत नाही?"

"देऊ शकत नाही. इतक्या वर्षांत मी एकाच मुलीची थांबवली. ती वर्गात जायची नाही. तुमची मुलगी अभ्यास करत असेल आणि सरावाला येत असेल, तर मला थांबवायचं कारण नाही. पण हमी म्हणाल तर नाही."

फोन ठेवल्यावर नवरा म्हणाला, "ही बाई एका वर्षाचंच बोलते. तो माणूस चार वर्षांचं म्हणतो. यात विचार कसला करायचा?" मीही तेव्हा मान डोलावली. खरं बोलणारी बाई आमच्या घरात पहिल्याच फेरीत हरली, ती खरं बोलली म्हणून.

पण तिचं एक वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. नियम सगळ्या कॉलेजांना सारखा, असं ती म्हणाली होती. मग त्या माणसाकडे चार वर्षं कुठून आली? मी क्लबच्या कोचला विचारलं. सराव संपला होता, तो चेंडू जाळीच्या पिशवीत भरत होता.

"अहो, ते सगळं तांत्रिक असतं," तो म्हणाला. "कागदावर एक वर्ष, प्रत्यक्षात चार. सगळे असंच करतात. काळजी करू नका."

"म्हणजे कागदावर एकच वर्ष?"

"तो चांगला माणूस आहे. मी ओळखतो त्याला." एवढं बोलून त्याने पिशवीची दोरी आवळली आणि दिवे बंद करायला गेला.

मी एक्स-रे काढणारी बाई. फोटोत काहीतरी पुसट दिसलं की दुसऱ्या कोनातून पुन्हा काढायचा, ही सवय. नोव्हेंबरात लेस्टरजवळ एका स्पर्धेत मी तिकडच्या क्लबच्या एका आईशेजारी बसले होते. बोलता बोलता मी त्या मोठ्या कॉलेजचं नाव घेतलं. ती पटकन म्हणाली, "आमच्या क्लबची एक मुलगी होती की तिथे. आली परत."

त्या मुलीबद्दल मला माहीत होतं. कोच आमच्या घरी शिरा खाताना तिच्याबद्दल बोलला होता. "आमच्याकडे आधीही एक इंग्लिश मुलगी होती. गोड पोरगी. पण तिला घरची फार आठवण यायची, परत गेली बिचारी." मी त्या आईला विचारलं, ती मुलगी आता कुठे असते? तिने पलीकडच्या कोर्टकडे बोट दाखवलं. ती तिथेच होती, दहा-बारा वर्षांच्या पोरींना ड्रिबलिंग शिकवत.

माझी मुलगी सामन्यासाठी वॉर्म-अप करत होती. मी पलीकडे गेले, त्या मुलीला माझी ओळख सांगितली आणि कॅफेत बसून दोन मिनिटं बोलशील का विचारलं. बावीस-तेवीस वर्षांची, रुंद खांद्यांची, शांत मुलगी. कॉलेजचं नाव ऐकल्यावर तिने आधी माझ्याकडे नीट बघून घेतलं.

"तुमच्या घरी येऊन तो काय म्हणाला? फॅमिली?" तिने विचारलं.

"हो."

"आमच्याही घरी. माझी आई रडली होती आनंदाने."

मग तिने सांगितलं. पहिलं वर्ष छान गेलं. दुसऱ्या वर्षी तिची पाठ दुखायला लागली, काही सामने बसून राहावं लागलं. त्याच हिवाळ्यात कोच पूर्व युरोपात जाऊन तिच्यापेक्षा उंच मुलगी बघून आला. हंगाम संपल्यावर त्याने हिला ऑफिसात बोलावलं. खुर्चीवर बस म्हणालाही नाही. संघ आता वेगळ्या दिशेने चाललाय, पुढच्या वर्षी तुझी स्कॉलरशिप नसेल, तुला शुभेच्छा, एवढं बोलून त्याने फोन उचलला. तिच्या घरच्यांना तिथली फी परवडणं शक्य नव्हतं. दोन वर्षं शिकून ती परत आली. इथल्या युनिव्हर्सिटीने तिकडचे विषय मोजायला नकार दिला आणि तिला पहिल्या वर्षापासून सुरुवात करायला लावली.

"तू घरच्या आठवणीने परत आलीस, असं त्याने आम्हाला सांगितलं," मी म्हटलं.

ती म्हणाली, "मला घरची आठवण एकदाच आली. त्याच्या ऑफिसातून बाहेर आले तेव्हा."

मी उठताना तिने आणखी एक सांगितलं. "तुमच्या क्लबच्या कोचला हे सगळं ठाऊक आहे. दर उन्हाळ्यात तो त्या कॉलेजच्या बास्केटबॉल कॅम्पला शिकवायला जातो. त्याचं विमानाचं तिकीट तेच काढतात."

मी परत येऊन आमच्या बाकावर बसले. कोर्टवर माझी मुलगी खेळत होती. तिने काय काय केलं ते मला आठवत नाही, लोक टाळ्या वाजवत होते एवढं आठवतं. मला तोपर्यंत कधीच इतका राग आला नव्हता. टोमणे मारणाऱ्या काकूंचा आला नव्हता, ट्रॅकसूटचे पैसे मागणाऱ्यांचा आला नव्हता. तो कोच माझ्या घरात बसून, माझ्या हातचं खाऊन, एका मुलीचं शिक्षण मोडलं हे लपवायला तिलाच रडूबाई ठरवून गेला होता. आणि ज्याच्या गाडीत मी माझी मुलगी अकरा वर्षांची असल्यापासून बिनधास्त बसवत आले, तो माणूस शेजारी बसून मान डोलावत होता.

सामना संपल्यावर कार पार्कमध्ये मी क्लबच्या कोचला गाठलं. काय ऐकलं ते सांगितलं. तो नाकबूल झाला नाही. त्यानेच मला जास्त चीड आली.

"हे असंच असतं," तो म्हणाला. "तो धंदा आहे. त्या मुलीची पाठ गेली. तुमची मुलगी तिच्यापेक्षा खूप चांगली आहे. तिच्या बाबतीत असं होणार नाही."

"आणि हिची पाठ गेली तर?"

"सगळ्याचाच असा विचार केला तर कुणी खेळायलाच नको."

"मी खेळाचं विचारत नाहीये. तुम्ही मला का सांगितलं नाहीत, ते विचारतेय."

तो गाडीच्या किल्ल्या हातात फिरवत राहिला. "तुम्ही घाबरून तिला पाठवलं नसतं," तो शेवटी म्हणाला. "आणि मला ती मोठ्या ठिकाणी गेलेली बघायची होती." यातलं किती खरं होतं आणि किती त्या तिकिटासाठी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. त्याने तिला घडवलं, हेही खोटं नाही.

परतीच्या वाटेवर मी मुलीला सगळं सांगितलं. एम वन हायवेवर ट्रॅफिक होतं, गाडी रांगत होती. मला वाटलं ती त्या माणसावर भडकेल. ती माझ्यावर भडकली.

"तू मला न विचारता माझ्याबद्दल चौकशी केली?"

"मी आई आहे तुझी."

"सगळेच माझे काहीतरी आहेत," ती म्हणाली. "तो कोच आहे, तू आई आहे, बाबा बाबा आहे. सगळे माझ्या पाठीमागे बोलतात. मला कोणी विचारत नाही."

एक जंक्शन गेलं, दुसरं गेलं. ती खिडकीतून बाहेर बघत होती. मग एकदम इंग्रजीत म्हणाली, ती मुलगी खोटं बोलत असेल तर? मी म्हटलं, असू शकेल. "मग मीच विचारणार त्याला," ती म्हणाली. "तू नाही बोलायचं. बाबांनी पण नाही."

तो अमेरिकन कोच दर रविवारी संध्याकाळी फोन करायचा. त्या रविवारी तिने फोन किचनच्या टेबलावर ठेवला आणि स्पीकर लावला. नवऱ्याला मी सगळं सांगितलं होतं; तो भांडी विसळत होता, त्याने नळ बंद केला आणि तसाच उभा राहिला. कोचने आधी हवापाण्याच्या गप्पा मारल्या, माझ्या शिऱ्याची आठवण काढली. कॉलेजच्या करारावर सही करण्याची वेळ जवळ आली होती, तो खुशीत होता.

मुलीने त्याचं बोलणं पुरं होऊ दिलं. मग विचारलं, "स्कॉलरशिप चार वर्षांची आहे का एक वर्षाची?"

"आपलं बोलणं झालंय की बेटा. चार वर्षं."

"ते दर वर्षी तुम्ही ठरवता, असं मी ऐकलं."

"त्या कागदोपत्री गोष्टी झाल्या. माझा शब्द आहे तुला."

"तिलाही तुमचा शब्द होता का?" असं म्हणून तिने लेस्टरच्या त्या मुलीचं नाव घेतलं.

"तू कुणाशी बोललीस?" तो म्हणाला. आवाजातला मध संपला होता. मी पहिल्यांदाच त्याचा खरा आवाज ऐकत होते. "ती मुलगी आमच्यात बसणारी नव्हती. असं होतं कधी कधी."

"तुम्ही म्हणालात तिला घरची आठवण यायची."

"हे बघ, जरा तुझ्या वडिलांना दे."

मुलीने नवऱ्याकडे बघितलं. माझा नवरा शांत माणूस. आवाज चढवलेला मी त्याचा लग्नानंतर एकदाच ऐकला असेल, तोही मूव्हिंग कंपनीशी. हात ओलेच होते. तो टेबलापाशी आला, फोनकडे वाकला आणि म्हणाला, "मी इथेच आहे. खेळणार ती आहे. तिच्याशीच बोला." आणि परत बेसिनपाशी जाऊन उभा राहिला.

कोचने मग शेवटचं अस्त्र काढलं. त्याच जागेसाठी आणखी एक मुलगी तयार आहे, त्याने तिला थांबवून ठेवलंय. शुक्रवारपर्यंत हो किंवा नाही कळायला हवं. सगळी फॅमिली हिची वाट बघतेय.

"मग तिला फोन करा," मुलगी म्हणाली. "पण तिला एक वर्ष सांगा."

तिने बटण दाबलं. तिने कपाटातून चेंडू काढला आणि बाहेर गेली. मागच्या रेडवेवर, सायकलवाल्यांच्या त्या लाल वाटेवर, चेंडू आपटल्याचा आवाज बराच वेळ येत होता. आत आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. मी जवळ गेले तर म्हणाली, "आता नको." मी पोळ्या करायला घेतल्या. सतरा वर्षांच्या मुलीला कुणीतरी पहिल्यांदा 'तू मोठी आहेस' म्हणतं, आणि त्यातला निम्मा भाग थाप असतो. ती थाप तिने स्वतःच्या तोंडाने उघडी पाडली होती. त्याचा अभिमान मला नंतर वाटला. त्या संध्याकाळी फक्त वाटत होतं की त्या माणसाने पुन्हा एकदा माझ्या दारात यावं.

दुसऱ्या आठवड्यात तिने कोरड्या आवाजाच्या बाईला स्वतः फोन केला. बराच वेळ दार लावून बोलली. बाहेर येऊन म्हणाली, "मी तिकडे जाते. तिने मला विचारलं, तुझे प्रश्न काय आहेत. माझे बारा-पंधरा प्रश्न होते. तिने सगळ्याचं उत्तर दिलं. काही उत्तरं वाईट होती."

"वाईट म्हणजे?"

"पहिल्या वर्षी मी फार खेळणार नाही. आणि लॅब असेल त्या दिवशी सराव पहाटे करायचा."

नवऱ्याने पुन्हा ॲटलास काढला, पण या वेळी कोट किती जाड लागेल ते बघायला.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. ती गेली. पहिलं वर्ष बाकावर बसून काढलं, सांगितल्याप्रमाणेच. आणि त्या उन्हाळ्यात त्या बाईंना दुसऱ्याच एका मोठ्या कॉलेजची नोकरी मिळाली आणि त्या निघून गेल्या. जाण्याआधी त्यांनी प्रत्येक मुलीच्या घरी फोन केला. मलाही केला. म्हणाल्या, "मी हे तुम्हाला आधी सांगितलं नव्हतं, कारण मलाच माहीत नव्हतं." मी त्यांच्यावरही चिडले. मुलीने चार वर्षांसाठी एका माणसाला निवडायचं, आणि त्या माणसाने हवं तेव्हा जायचं. मुलीने मात्र कॉलेज बदललं की नियमाने तिचं खेळायचं एक वर्ष बुडणार. कोचला दार उघडं, खेळाडूला कुलूप. हा कुठला न्याय, असं मी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "न्याय नाहीच." निदान एवढं तरी त्या म्हणाल्या.

नवीन कोचला माझी मुलगी फारशी आवडली नाही. तिसऱ्या वर्षी ती जेमतेम खेळली. शेवटच्या वर्षी बरीच खेळली. स्कॉलरशिप दर उन्हाळ्यात पुन्हा मिळत गेली, आणि दर उन्हाळ्यात ती मिळेपर्यंत मी नीट झोपत नव्हते. ती केमिकल इंजिनिअर झाली. इथे परत येऊन नोकरीला लागली, गुरुवारी संध्याकाळी एका हौशी संघात खेळायला लागली. गाऊन घातलेला फोटो आला तेव्हा नवऱ्याने तो ऑफिसात सगळ्यांना दाखवला. मंडळातल्या त्याच काकूंनी विचारलं, "अजून एकटीच?"

मुलगी अमेरिकेत असतानाच आमच्या क्लबमधली आणखी एक मुलगी त्या दक्षिणेच्या कॉलेजच्या नजरेत भरली. क्लबचा कोच तोच होता, कॅम्पही तोच. मी तिच्या आईला फोन केला आणि जे घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, आभार मानले, आणि म्हणाली, "आमची मुलगी त्यातली नाही हो." त्यांनी तिला तिथेच पाठवलं. ती चारही वर्षं टिकली, गाजलीसुद्धा. बास्केटबॉलच्या वर्तुळात लोक मला अजून ते ऐकवतात, जणू माझंच काही चुकलं. मी त्यांना एवढंच सांगते, एखाद्याला लॉटरी लागली म्हणून लॉटरीला पगार म्हणू नये. मागच्या दिवाळीत मुलगी घरी आली होती. मी हे पुन्हा कुणाला तरी तावातावाने सांगत होते. ती चकली खात म्हणाली, "आई, किती वर्षं झाली. सोड ना."

मी म्हटलं, "तू सोड. तुला सोडायचा हक्क आहे. मी नाही सोडणार."